पंधरा पैशांचं कार्ड

निपाणी शहर सरतं तिथे मुरगूडच्या रस्त्यावर अर्जुननगर लागतं. कर्नाटक संपतं, महाराष्ट्र सुरू होतो. देवचंद कॉलेज तिथलं. १९६० साली निपाणीच्या देवचंद शहांनी ते काढलं. पोरं निपाणीची आणि आसपासच्या खेड्यांतली, पण जमीन कागल तालुक्यातली आणि विद्यापीठ कोल्हापूरचं. वेदगंगेकाठच्या आमच्या गावातून मी सायकलने निघायचो, एका राज्यात भाकरी खाऊन दुसऱ्या राज्यात शिकायला जायचो आणि दुपारी परत यायचो. चार वर्षं हे केलं. वाटेत सीमा लागते, हे सायकल मारताना कधी मनातही आलं नाही.

सीमा म्हणजे काय ते मला कळलं निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत. शिकवलं तिथल्या दिवाणजींनी. पुढे पस्तीस वर्षं मी कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवलं. शेजारी देश आपापसातली जकात उठवून एकच बाजार कसा करतात, तो कुठे जमतो आणि कुठे फसतो, हा माझ्या आवडीचा विषय. वर्गात या विषयावर जे बोललो त्यातलं पुस्तकांचं किती आणि दिवाणजींचं किती, याचा हिशेब कधीतरी मांडायचा होता. ते असताना मांडायला हवा होता. राहून गेलं.

१९७९ च्या मे महिन्यात, सुट्टीत, वडिलांनी मला त्या वखारीत चिकटवलं. आमचा तंबाखू वर्षानुवर्षं तिथेच जायचा. काम होतं कार्डं लिहिण्याचं. वखारीच्या दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा शिंका यायच्या, मग डोळ्यांतून पाणी. तोंडाला पदर बांधलेल्या बायका चाळण्या घेऊन बसलेल्या, मागे छतापर्यंत बोदांच्या थप्प्या. त्या बायकांचा खोकला आजही माझ्या कानात आहे. तंबाखूच्या पैशावर मी शिकलो म्हणून त्या पिकाची थोरवी गाणार नाही. त्या धुळीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्या वाट्याला फार थोडं आलं.

कोपऱ्यात दिवाणजींची बैठक. खाली सतरंजी, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, बाजूला लाल कापडात बांधलेल्या वह्या. माणूस मूळचा गोकाककडचा. घरात कन्नड, वखारीत मराठी. जुन्या वह्या मोडीत, नव्या बाळबोधीत, आणि सगळ्या मराठीत, कारण निपाणीच्या पेठेची वही मराठीत. मला ते 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. वयाने ते माझ्या वडिलांहून मोठे होते.

रोज संध्याकाळी पंधरा-वीस कार्डं लिहायची. पत्ते सिन्नर, संगमनेर, नगर, सोलापूर, कामठी, हैदराबादचे. सगळे विडीवाले. दिवाणजी सांगायचे, मी लिहायचो: "सा. न. वि. वि. आज पाल्याचा भाव अमुक, माल चांगला, गेल्या खेपेची पावती पोचली असेल." सहा-सात ओळी, खाली सही. एकेका पेढीशी वीस-वीस वर्षांचा व्यवहार होता आणि बहुतेकांची तोंडं दिवाणजींनी पाहिलेली नव्हती. विडीची पानं विदर्भाच्या आणि मध्य प्रदेशच्या जंगलातली, आतला जर्दा निपाणीचा नाहीतर गुजरातचा, वळणाऱ्या बायका सिन्नरच्या नाहीतर सोलापूरच्या. चार राज्यांचा माल एका बोटभर विडीत यायचा. हे सगळं पंधरा पैशांच्या कार्डावर चालायचं.

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तम्मा, कोल्हापूर किती लांब?"

"चाळीस किलोमीटर."

"आणि बंगळूर?"

"साडेपाचशेच्या वर."

"मग जवळचं कुठलं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी पेटीतून एका मिरचीच्या व्यापाऱ्याचं बिल काढून माझ्यापुढे धरलं. संकेश्वरी मिरची. तोच माल बंगळूरच्या व्यापाऱ्याला विकला तर राज्यातला व्यवहार. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला विकला तर आंतरराज्य, त्यावर केंद्रीय विक्रीकर चार टक्के, 'सी' फॉर्म आणायचा, नाक्यावर कागद दाखवायचे, आणि कोल्हापूरच्या वेशीवर महापालिकेची जकात निराळी. कर्नाटकाने त्याच वर्षी जकात उठवली होती, पण तिच्या जागी प्रवेशकर आणला होता. "कागदावर बंगळूर जवळ आहे," ते म्हणाले. "छप्पन्नच्या आधी मिरचीची गाडी कोल्हापूरला जायची तेव्हा बैलसुद्धा वाट विचारत नव्हते. आता गिऱ्हाईक वाटेवर नाही, कागदावर शोधावं लागतं."

१ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. हे मला ठाऊक होतं, आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या रेघेचा मिरचीच्या बिलावर काय परिणाम झाला, ते मला तोवर कोणी दाखवलं नव्हतं.

मग मी विचारलं, तंबाखूचं काय? आपली कार्डं तर सरळ सिन्नरला जातात. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढे दरवर्षी वर्गात सांगत आलो. १९५७ साली राज्यांनी तीन जिनसांवरचा विक्रीकर सोडून दिला: गिरणीचं कापड, साखर आणि तंबाखू. त्याच्या बदल्यात केंद्राने त्या तीन मालांवर जादा अबकारी बसवली आणि तिचा वाटा राज्यांना दिला. म्हणजे प्रत्येक राज्याने आपला हक्क थोडा खाली ठेवला, वसुली एकाच हाताने झाली, आणि त्या तीन मालांपुरता सारा देश एक बाजार झाला. तंबाखूला अबकारीचा काच होताच. १९७९ च्या अंदाजपत्रकात कच्च्या तंबाखूवरची अबकारी उठेपर्यंत परवान्याशिवाय बोद जागचा हलत नसे. पण निपाणी-सिन्नर वाटेवर त्याला दुसऱ्या राज्याचा माल म्हणून कोणी अडवत नव्हतं. "तीन मालांना जमलं," दिवाणजी म्हणाले, "मग मिरचीने काय पाप केलंय?"

देशातल्या सरकारांना या प्रश्नाचं उत्तर द्यायला, १९५७ पासून धरलं तर, साठ वर्षं लागली. त्याकडे पुढे येतो.

एम. ए. ला असताना शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जेकब वायनर यांचं १९५० सालचं सीमाशुल्क संघांवरचं पुस्तक हाती आलं. वायनर म्हणतात, शेजाऱ्यांनी आपापसातला कर उठवला की दोन गोष्टी होऊ शकतात. जो माल पूर्वी महाग पडायचा तो स्वस्त ठिकाणाहून येऊ लागतो, हा खरा नफा. किंवा स्वस्त माल देणारा बाहेर राहतो, त्याच्यावर कर बसतो, आणि त्याच्याऐवजी आतल्या महागड्याकडून खरेदी होते. म्हणजे व्यापार वाढत नाही, वाट सोडून वळतो. वर्गातली बाकीची मुलं या दुसऱ्या मुद्द्यापाशी अडखळली. मला तो पहिल्या वाचनात कळला. माझ्या डोळ्यांपुढे मिरचीचं बिल होतं.

युरोपातल्या सहा देशांनी रोमला करारावर सह्या केल्या २५ मार्च १९५७ ला, म्हणजे आमची रेघ ओढल्यावर पाच महिन्यांनी. बारा वर्षांपूर्वी एकमेकांची शहरं बेचिराख केलेले फ्रान्स आणि जर्मनी त्यात होते. त्यांनी आधी कोळसा आणि पोलाद एकत्र केलं होतं, मग बाकीचा बाजार. आमच्याकडे एकाच देशातले, एकाच आठवडी बाजारातले लोक निरनिराळ्या कागदांवर गेले. राज्यं भाषेवर व्हावीत की नाही, हा वाद मी इथे काढत नाही. मी मराठी बाजूचा आहे, आणि ते लपवण्याचं कारण नाही. १ नोव्हेंबरला माझे वडील दंडाला काळी फीत बांधायचे. दिवाणजींच्या घरी त्या दिवशी राज्योत्सव. २ नोव्हेंबरला दोघं वखारीत समोरासमोर बसून वजनाचा हिशेब करायचे आणि एकाच बशीतली भजी खायचे. दोघांपैकी कोणी आपलं मत सोडलं नाही. सोडावं असं दुसऱ्याला वाटलंही नाही.

मार्च १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. नेते शरद जोशी, निपाणीत पुढे प्रा. सुभाष जोशी. माणसांनी आणि बैलगाड्यांनी रस्ता भरला. मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी एका मांडवात भाकरी खात होते, आणि तंबाखूला भाव मागताना भाषेचा प्रश्न कोणी काढला नाही. माझे वडील त्या रस्त्यावर होते. दिवाणजी व्यापाऱ्याचे नोकर, म्हणजे समोरच्या बाजूला. वडील म्हणाले, "त्या वखारीत आता पाय ठेवायचा नाही." मी ठेवला नाही. ६ एप्रिलला गोळीबार झाला. बारा शेतकरी गेले. वडील दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा पायात चपला नव्हत्या.

चार-पाच दिवसांनी मी त्यांना न विचारता वखारीत गेलो. दार अर्धं लोटलेलं. आत बायका नाहीत, चाळण्या भिंतीला टेकवलेल्या. दिवाणजी अंधारात पेटीपुढे बसले होते. मला बघून इतकंच म्हणाले, "कार्डं काढ."

त्या दिवशी मी तेवीस कार्डं लिहिली. सगळ्यांवर मजकूर एकच. भाव नव्हता. निपाणीत काय झालं ते एका ओळीत होतं, आणि पुढे विनंती: आपल्याकडची मागील बाकी मुदतीआधी पाठवता आली तर पाठवावी, येथे शेतकऱ्यांचं देणं आहे. वखारीकडे गेल्या सालचे शेतकऱ्यांचे पैसे अडकलेले होते, हे खरं होतं. मालकांना हे कळलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आपली नड अशी गावोगाव कशाला सांगायची? दिवाणजी म्हणाले, "नड सांगितली तर लोक देतात. लपवली तर पत जाते." कार्डं गेली.

तीन आठवड्यांत एकोणीस ठिकाणांहून पैसे आले. कुणाचा ड्राफ्ट, कुणाची मनिऑर्डर. सिन्नरच्या एका पेढीने सगळी बाकी पाठवली आणि वर लिहिलं, हिशेब मागाहून बघू. मे महिन्यात आमच्या वडिलांच्या हातात गेल्या सालचे राहिलेले पैसे पडले. ते देताना दिवाणजींनी कोणाचं नाव सांगितलं नाही. मी कार्डं लिहिली होती म्हणून मला ठाऊक.

पुढे शेजारी देशांच्या व्यापारावरचे कितीतरी शोधनिबंध वाचले. कर किती टक्के उतरले, माल किती वाढला, सगळी कोष्टकं. ज्याच्या जोरावर हे उभं राहतं ते मी त्या तीन आठवड्यांत पाहिलं होतं. न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर मुदतीआधी पैसे पाठवणारी माणसं दोन राज्यांत पसरलेली होती, आणि त्यांना धरून ठेवायला कुठलाही करारनामा नव्हता.

शरद जोशींबद्दल एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली. शेतीत येण्याआधी ते स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघाच्या कचेरीत नोकरीला होते. १८७४ साली बर्नच्या करारात बावीस देशांनी ठरवलं की टपालापुरते आपण सगळे मिळून एकच प्रदेश आहोत. सीमेवर टपालासाठी पुन्हा पैसे मागायचे नाहीत. देशादेशांच्या एकत्र येण्याचा इतका जुना आणि इतका टिकलेला दाखला दुसरा क्वचितच असेल. त्या कचेरीत काम केलेला माणूस निपाणीच्या रस्त्यावर होता आणि अर्ध्या मैलावर दिवाणजी धारवाडला आणि सिन्नरला त्याच पंधरा पैशांत कार्डं पाठवत होते. दोघांची कधी भेट झाली नाही. व्हायला हवी होती.

त्या जूनमध्ये मला एम. ए. ला कोल्हापूरला जायचं होतं. आलेले पैसे बी-बियाण्यात आणि आईच्या औषधात गेले होते. दिवाणजींनी स्वतःच्या खिशातून साडेतीनशे रुपये दिले. १९८४ मध्ये मला नोकरी लागली. पहिल्या पगारातून साडेतीनशे घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, ते हात मागे घेतील, म्हणतील राहू दे. त्यांनी पैसे घेतले, दोनदा मोजले, आणि रेव्हेन्यू स्टॅम्प लावून रीतसर पावती दिली. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाले, "मी घेतले नसते तर उद्या तू मागायला आला नसतास. आणि मला लागले तर मला तुझ्याकडे यायला जड गेलं असतं." 'परस्पर सवलत' हा धडा मी वर्गात या पावतीने सुरू करायचो. पैशांचं ऋण असं फिटलं. दुसरं कसं फेडायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही.

जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला सार्कच्या सात देशांनी मुक्त व्यापाराचा करार केला. मी त्यावर लेख लिहिला होता. तो घेऊन हौसेने निपाणीला गेलो. दिवाणजींना तेव्हा नीट दिसत नव्हतं, मी वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे लाहोरचा माल अमृतसरला बिनकराचा येणार?"

"हळूहळू. दहा-बारा वर्षं लागतील."

"चांगलं आहे. आणि कागलचा निपाणीला?"

त्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. लाहोर-अमृतसरचंही पुढे काही झालं नाही. सार्क देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के राहिला, आणि २०१९ नंतर वाघा सीमेवरची वाट जवळपास मिटली. दिवाणजी २००८ मध्ये गेले. मी तेव्हा परीक्षेच्या कामावर होतो, पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके बंद झाले. बरोबर ४९ वर्षांपूर्वी, १ जुलै १९६८ ला, युरोपातल्या त्या सहा देशांनी आपापसातली शेवटची जकात उठवली होती. मी सकाळीच कोगनोळीला गेलो. दूधगंगेचा पूल ओलांडला की ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर कागद घेऊन उभे असायचे. त्या दिवशी ट्रक न थांबता जात होते. मिरचीचेही. तासभर उभा राहिलो. मग तसाच निपाणीला दिवाणजींच्या घरी गेलो आणि त्यांच्या पत्नीला, अव्वांना, सांगितलं, नाका उठला. त्यांना ऐकू कमी येत होतं. त्यांनी विचारलं, "ऊटा आयतेनु?", म्हणजे जेवण झालं का, आणि ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. २०२१ मध्ये साथीच्या दिवसांत त्याच कोगनोळीला आरटीपीसीआर चाचणीचा दाखला नसेल तर गाड्या परत फिरवत होते. माझी थोरली बहीण अलीकडे कागलला, धाकटी पलीकडे, सहा महिने भेटल्या नाहीत. साथीत काही बंधनं लागणारच, हे मला मान्य आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला आणि बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, त्याला साथीचं कारण नव्हतं. ज्या बेळगावची भाजी आणि दूध रोज घाट उतरून गोव्याला जातं, तिथे हे घडलं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये माझ्याच राज्याच्या सरकारने आदेश काढला की महाराष्ट्रातला ऊस परराज्यात न्यायचा नाही. पलीकडचा कारखाना चार पैसे जास्त देतो म्हणून ऊस तिकडे जातो, तर दार लावायचं. कागल-शिरोळचा ऊस पलीकडे जातो, चिकोडी-निपाणीचा इकडे येतो, सीमेवरच्या कारखान्यांचे सभासदही दोन्हीकडचे. हा आदेश चुकीचा होता. शेतकरी उठले आणि तो आठवडाभरात मागे घ्यावा लागला. तसला आदेश उद्या कर्नाटकाने काढला तरी मी हेच म्हणेन.

त्या आठवड्यात मी वायनर यांचं पुस्तक काढलं. त्यात खूण म्हणून एक कार्ड आहे. १९८१ च्या त्या दिवशी लिहिताना माझा हात थरथरला, पत्त्यावर शाई सांडली. टाकायला गेलो तर दिवाणजी म्हणाले, "ठेव. पंधरा पैसे पडलेत." म्हणून चोविसावं कार्ड माझ्याकडे राहिलं. शाई आता तपकिरी झाली आहे, पण अक्षर लागतं:

"सा. न. वि. वि. निपाणीत गोळीबार होऊन बारा शेतकरी गेले. बाजार बंद आहे. आपल्याकडील मागील बाकी मुदतीआधी पाठवता आल्यास पाठवावी, येथे शेतकऱ्यांचे देणे आहे. रस्ता मोकळा झाला की माल पाठवू. भाव तेव्हा कळवू."